'वेव्ह', 1977: मॅकॉय टायनरने गंधाराचं काय केलं

पुण्यात आमचा सात-आठ जणांचा ऐकण्याचा अड्डा आहे. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, एकच चीज दोघा-तिघांकडून ऐकायची आणि मग चहा होईपर्यंत भांडायचं. गेल्या पावसाळ्यात पाळी माझी होती. मी 'वेव्ह' काढलं. ब्राझीलच्या आंतोनियो कार्लोस जोबिमची ही बोसा नोव्हा या तिथल्याच हळुवार शैलीतली सुरावट अर्ध्या जगाने वाजवली आहे, हॉटेलच्या लिफ्टमध्येसुद्धा ऐकू येते.

पहिलं लावलं ते जुवांव जिल्बेर्तोचं गाणं. (पोर्तुगीजमधलं हे नाव आपल्या गोव्यात घरोघरी आहे, म्हणून जुवांवच लिहितो.) गिटार, मागे तारवाद्यांची साय, आणि शेजारच्या खोलीत मूल झोपलंय अशा बेताने लावलेला आवाज. सगळे सैलावले. मग काहीही न सांगता दुसरं लावलं: मॅकॉय टायनरचा पियानो, रॉन कार्टरचा बास, टोनी विल्यम्सचे ड्रम्स. अर्धं मिनिट झालं नसेल, काकांनी हात वर केला. हे काका आयुष्यभर तबला वाजवत आले आहेत, जॅझ फक्त आमच्यामुळे सहन करतात.

"आवाज कमी कर रे जरा. हा तोच मुखडा आहे का?"

"तोच आहे, काका."

"मग ह्याला एवढा राग कशाचा आलाय?"

सगळे हसले, पण प्रश्न माझ्या डोक्यात घर करून बसला. ही दोन्ही ध्वनिमुद्रणं 1977 साली बाहेर आली. जिल्बेर्तोचं 'आमोरोझो' या तबकडीवर आलं, टायनरचं 'सुपरट्रायोज' या दोन तबकड्यांच्या संचात सर्वांत पहिलं. एकाच वर्षी एकाच सुरावटीची कुजबुजही झाली आणि गर्जनाही. टायनरला बोसा नोव्हा कळलीच नाही, असं म्हणून विषय मिटवता येतो; बरेच जण मिटवतातही. मला ते पटत नाही. का पटत नाही, ते सांगण्यासाठी हे प्रकरण जरा उकलून मांडतो.

आधी मूळ चीज. जोबिमने 'वेव्ह' याच नावाच्या तबकडीसाठी ती 1967 साली न्यू जर्सीतल्या एंगलवूड क्लिफ्स इथे, रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत मुद्रित केली. निर्माता क्रीड टेलर, वाद्यवृंदरचना क्लाउस ओगरमनची. मुखपृष्ठावर धावणारा जिराफ आहे, त्याचा समुद्राशी काय संबंध ते मला अजून कळलेलं नाही. लाट असं नाव असलेली ही चीज तीन मिनिटांच्या आत आटोपते, आणि तिथे तिला शब्दच नाहीत. पियानोवर जोबिम स्वतः आहे आणि त्याच्या सवयीप्रमाणे एका वेळी एकेकच सूर दाबतोय, एका बोटाने टाइप करणाऱ्या कारकुनासारखा. कुजबुजणारे शब्द हाच या चीजेचा आत्मा, असं म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये की जन्माला आली तेव्हा ती मुकी होती.

आता पेटी घ्या. मी त्या दुपारी घेतली, कारण काकांना आकृत्या दाखवून काही होत नाही. जोबिमची मूळ पट्टी डी, म्हणजे आपली पांढरी दोन. पांढरी दोनचा सा धरा. पहिल्या मात्रेला (पाश्चात्त्य लिपीतला एक बार म्हणजे इथे एक मात्रा समजू) स्वरमेळ आहे सा, ग, प, नी. सगळे शुद्ध, लख्ख बिलावल. दुसऱ्याच मात्रेला बुडाशी कोमल धैवत येऊन बसतो आणि पायाखालची वाळू सरकते. तिसऱ्याला कोमल निषाद. पाचव्या मात्रेला वजन मध्यमावर जातं. पुढे कोमल ऋषभ डोकावतो, नवव्याला तीव्र मध्यम. शेवटच्या दोन मात्रा, अकरा आणि बारा, अशा: सा, कोमल ग, प, कोमल नी; आणि मग मध्यमाचा स्वरमेळ, त्यात शुद्ध धैवत. कोमल ग, कोमल नी आणि धैवत शुद्ध: हा काफी थाट झाला. बिलावलात निघालेला माणूस बारा मात्रांत बाराही सुरांना हात लावून काफीत येऊन बसतो. या शेवटच्या दोन मात्रांचा झोका कितीही वेळ चालू ठेवता येतो. वादक बहुधा सुरुवातही त्याच झोक्याने करतात, शेवटही त्यावरच विरत जातो.

काका बोटांवर मोजत होते. "बारा. परत बारा. मग आठ. परत बारा." बरोबर. चव्वेचाळीस मात्रांचं आवर्तन आहे. अशा चालींत भाग सहसा आठांचे असतात, इथे बाराचे आहेत. पाचव्या मात्रेला मध्यमावर जाणारा बाराचा फेरा म्हटल्यावर जॅझवाल्याचे कान टवकारतात, कारण ब्लूजची, म्हणजे जॅझच्या मुळाशी असलेल्या गाण्याच्या प्रकाराची, घडण तीच. जोबिमने ब्लूज लिहिला असं कुणी म्हणणार नाही, पण सुंदर साडीच्या आत हाडं ब्लूजची आहेत. मधल्या आठांत वेगळीच गंमत आहे: चार मात्रा एफच्या घरात, चार मात्रा त्याखालच्या ई-फ्लॅटच्या घरात. आपल्या पट्टीत सांगायचं तर आधी कोमल गंधाराला सा मानायचं, मग कोमल ऋषभाला, आणि तिथून परत शुद्ध गंधाराच्या उजेडात.

या चीजेचा सगळा खेळ एका गंधारावर आहे. सुरुवातीला तो शुद्ध, शेवटी कोमल. जिल्बेर्तो गातो तेव्हा हा बदल तुमच्या लक्षातही येत नाही. सकाळ कधी दुपार झाली ते कळू नये तसं होतं. हे 1977 चं संयोजनही ओगरमनचंच, दहा वर्षांनी त्याच चीजेकडे परत आलेल्या ओगरमनचं.

आता टायनरची बाजू, आणि ती सांगायला 1967 मध्येच जावं लागतं. त्या वर्षीच्या 21 एप्रिलला व्हॅन गेल्डरच्या त्याच स्टुडिओत, उंच लाकडी छताखाली, मॅकॉय टायनरने 'द रिअल मॅकॉय' मुद्रित केली. सॅक्सोफोनवर जो हेंडरसन, ड्रम्सवर एल्विन जोन्स, बासवर रॉन कार्टर. पुढच्याच महिन्यात त्याच खोलीत जोबिमच्या 'वेव्ह'चं मुद्रण सुरू झालं. बासवर कोण? रॉन कार्टर. त्याच मे महिन्यात हाच कार्टर ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या पंचकाबरोबर 'सॉर्सरर'ही मुद्रित करत होता, तिथे ड्रम्सवर एकवीस वर्षांचा टोनी विल्यम्स. त्या वसंतात कार्टरचं बूड टेकत होतं की नाही कोण जाणे.

मग दहा वर्षं गेली. एप्रिल 1977, कॅलिफोर्नियातलं बर्कली. निर्माता ओरिन कीपन्यूजने टायनरबरोबर दोन वेगवेगळे तालवादक संच बसवले: एका तबकडीवर कार्टर आणि विल्यम्स, दुसऱ्या तबकडीवर एडी गोमेझ आणि जॅक डिजॉनेट. कार्टर-विल्यम्सच्या तबकडीवर पहिलं 'वेव्ह', दुसरं 'ब्लूज ऑन द कॉर्नर', आणि हे दुसरं 'द रिअल मॅकॉय'वरचंच. 1967 च्या वसंतात कार्टरने महिनाभराच्या अंतराने, एकाच छताखाली वाजवलेल्या दोन चीजा इथे शेजारी शेजारी आल्या. हे कुणी ठरवून केलं असा माझा दावा नाही. पण या चीजेचा खर्ज पहिल्यांदा ज्याच्या बोटांतून निघाला, तोच माणूस या "रागावलेल्या" रूपाच्या बुडाशीही उभा आहे. कळलं नाही म्हणून असं वाजवलं, हा आरोप त्याच्यासमोर तरी टिकत नाही.

काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे साथीदार घरचाच आहे. मग परत लाव, आणि मला फक्त तो ऐकू दे."

परत लावायच्या आधी टायनरच्या हातांबद्दल बोलायला हवं, कारण खरं काम तिथे झालंय. फिलाडेल्फियाचा हा मुलगा (जन्म 1938) सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या चौकडीत 1960 ते 65 होता. पहिल्याच वर्षी 'माय फेव्हरिट थिंग्ज' मुद्रित झालं. एका लोकप्रिय नाटकातल्या गाण्याचे त्यांनी जवळपास चौदा मिनिटं वाभाडे म्हणा, कौतुक म्हणा, काढले. तिथे एकलवादनाला दोनच झोके आहेत, एक ई मायनरचा, एक ई मेजरचा. फरक काय? गंधार. कोमल की शुद्ध, मुख्य फरक हाच. एकवीस वर्षांचा टायनर त्या दोन झोक्यांवर मिनिटं मिनिटं बसून राहतो, कंटाळत नाही, कंटाळू देत नाही. पुढे कोल्ट्रेनबरोबर 'इम्प्रेशन्स' तर किती रात्री वाजवलं असेल. त्याचं मूळ घर पांढरी दोनचा काफीच. ज्या झोक्याने 'वेव्ह'च्या बारा मात्रा संपतात, त्यावर टायनर सतरा वर्षं आधीच मुक्कामाला होता. तो या चीजेत शिरतो तो मागच्या दाराने, अकराव्या-बाराव्या मात्रेच्या. जोबिमने ते दार पाहुण्यांना वळायला म्हणून ठेवलं होतं. टायनर तिथेच बिऱ्हाड मांडतो.

डावा हात पाहा. टायनरची ख्याती आहे ती खर्जात सा-प असा जोड घणासारखा मारून, तो घुमत असतानाच हात वर नेऊन चौथ्या-चौथ्या सुरांची चळत ठेवण्याची. पेटीवर करून बघता येतं. डाव्या हाताने खालचा सा आणि प एकदम दाबा; मग वर सा, म, कोमल नी असे तीन सूर एकत्र. मी हे केलं तेव्हा काका चटकन म्हणाले, "तंबोरा." अगदी तसंच नाही, तंबोरा कुणावर असा तुटून पडत नाही, पण मुद्दा त्यांनी पकडला. या चळतीत गंधार नाही. मेजर की मायनर, बिलावल की काफी, हे ती सांगतच नाही. वर उजव्या हाताने काहीही करा, खालून हरकत येत नाही. टायनरच्या ताना पुष्कळदा पाच सुरांच्या असतात. आपल्या कानाला त्यात कधी भूप दिसेल, कधी धानी, आणि सा रे म प कोमल नी असे पाच धरले की मधमाद सारंग, ज्यात गंधार मुळातच वर्ज्य.

म्हणजे ज्या एका सुरावर जोबिमची गोष्ट उभी आहे, तोच सूर टायनरच्या भाषेत ऐच्छिक आहे. मुखडा वाजवताना अर्थात गंधार येतो, चालच तशी आहे. पण विस्तार सुरू झाला की शुद्धाकडून कोमलाकडे जाणारा तो उतार सपाट होत जातो आणि एकाच रंगाचं मोठं पाणी उरतं. मी त्याला चूक म्हणत नाही, आणि फुकटात मिळालं असंही म्हणत नाही. काहीतरी दिल्याशिवाय हे मिळत नाही, आणि जे दिलंय ते बारीक नाही.

ठेक्याचा मुद्दा काकांचा, आणि तोच त्यांना सगळ्यात खटकला होता. बोसा नोव्हाचा ठेका सांबातून आला. सांबात सुर्दो नावाचा मोठा ढोल असतो, दोन ठोक्यांपैकी दुसऱ्यावर तो जड पडतो. वर तांबोरीं या छोट्या डफाची तिरपी टकटक. जिल्बेर्तोने 1958 च्या सुमारास केलं ते असं: ढोल अंगठ्यात घेतला, तांबोरीं उरलेल्या बोटांत, आणि अख्खी मिरवणूक मांडीवर घेऊन बसला. बोसा नोव्हाचा हळू आवाज म्हणजे मिरवणूक लांबून ऐकू येतेय, एवढंच. अमेरिकेत मात्र बोसा नोव्हाचं पुढे एक ठरावीक सूत्र झालं: ड्रमच्या कडेवर आडवी काठी, पाच ठोके ठरलेल्या जागी, बास सा-प, सा-प. साठच्या दशकात शेकडो तबकड्या त्या सूत्रावर निघाल्या, आणि त्यातल्या बऱ्याच ऐकताना डुलकी लागते.

टोनी विल्यम्स त्या सूत्राच्या वाटेला जाणाऱ्यांतला नव्हे. सतराव्या वर्षी माइल्सकडे गेलेला, मधल्या काळात रॉकच्या आवाजाची स्वतःची मंडळी चालवलेला हा वादक 1977 मध्ये जाड काठ्या आणि मोठे ड्रम घेऊन बसत असे. त्याने ठेका टाकला, असं काकांना वाटलं. मला वाटतं त्याने मिरवणूक मांडीवरून उतरवून परत रस्त्यावर सोडली. तो सांबा वाजवतो असं मात्र मी म्हणणार नाही. त्याची मुळं रिओत नाहीत. जोर आहे तो त्याचा स्वतःचा. पण हे वाजवणं ब्राझीलच्या स्वभावाविरुद्ध आहे, असं म्हणणाऱ्याने कार्निव्हलच्या वादकांच्या ताफ्यासमोर पाच मिनिटं उभं राहून दाखवावं.

अड्ड्यावरच्या एकीने इथे चांगला आक्षेप घेतला. ती पियानो शिकवते. तिचं म्हणणं, बाकी सगळं मान्य, पण मधल्या आठ मात्रांचं काय? जोबिमच्या तबकडीत तिथे एका घरातून खालच्या घरात उतरताना वाद्यं कशी जिन्यावर पाय न वाजवता उतरतात. टायनरकडे तो जिना लागतो कधी आणि संपतो कधी ते कळत नाही. बाराच्या पुढच्या फेऱ्यावर जायची त्याला इतकी घाई असते की आठ मात्रा बोळासारख्या ओलांडल्या जातात. मी वाद घातला नाही, कारण मलाही तसंच वाटतं. झोक्यावर राहणाऱ्या माणसाला जिन्याचं प्रेम नसतं. पियानोवादक अहमद जमालने हीच चीज 1970 मध्ये 'द अवेकनिंग'च्या शेवटी वाजवली आहे. झोक्याची त्याला टायनरइतकीच आवड, पण तो जागा रिकाम्या सोडतो. त्या रिकामपणात चालीचे कोपरे दिसत राहतात. ऑस्कर पीटरसनने 1969 साली 'मोशन्स अँड इमोशन्स'वर वाजवली, आणि तिथेही वाद्यवृंद ओगरमनचाच. पियानो अत्यंत सफाईदार, सगळं जिथल्या तिथे. मला त्यातलं तासाभराने काही आठवत नाही. टायनरचं आठवतं, चिडायला झालं तरी.

आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी, कारण सुरुवातीला मीही तिच्यात फसलो होतो. जोरात वाजवलं म्हणजे भावना मेली, असं आपण धरून चालतो. फ्रँक सिनात्राने 1969 मध्ये जोबिमबरोबर हे गाणं म्हटलं, त्यात तो खर्जात इतका खाली उतरतो की ऐकणाऱ्याचाच घसा खवखवतो. चीजेचा पल्लाच तेवढा आहे. ती तळापासून वरपर्यंत चढते आणि परत ओसरते. गळ्याला तो पल्ला पेलताना आवाज आपोआप कमी करावा लागतो. पियानोला नाही. टायनरकडे अठ्ठ्याऐंशी पट्ट्या आहेत, आणि लाट हे नाव शब्दशः घ्यायला त्याला कुणी अडवलेलं नाही. किनाऱ्यावर बसून पाहिलेली लाट जिल्बेर्तोची. टायनरची लाट पावसाळ्यात मुरुडच्या किल्ल्यावर आपटते ती.

मग तिसऱ्यांदा लावलं, काकांच्या हुकुमाप्रमाणे फक्त बास ऐकायचा म्हणून. हे सोपं नाही. वर दोन माणसं अशी तुटून पडलेली असताना मधला खर्ज शोधावा लागतो, लग्नाच्या वरातीत आपल्या माणसाची हाक ओळखावी तसा. पण एकदा सापडला की सुटत नाही. आणि तो सापडला की टायनरचा आवाजही वेगळा ऐकू येतो, कारण मग कळतं की त्याच्या आदळआपटीखाली कुणीतरी दोर धरून बसलंय. बारा, बारा, आठ, बारा. काकांनी डोळे मिटले होते आणि उजव्या हाताची करंगळी गुडघ्यावर हलत होती. दुसऱ्या आवर्तनात मधल्या आठांच्या तोंडाशी त्यांनी डोळे न उघडता "इथे" एवढंच म्हटलं, आणि तिथेच होतं.

चहा झाला. काकांचं मत बदललं का? नाही. "चांगला आहे, पण जेवणानंतर नको," असं त्यांनी जाहीर केलं. पियानोवाल्या बाईंनी जिल्बेर्तोचं गाणं फोनवर मागून घेतलं. पुढच्या महिन्याची पाळी कुणाची यावरून थोडी वादावादी झाली. काका दारात वाकून चपला घालत होते तेव्हा काहीतरी गुणगुणत होते. आधी वाटलं मुखडा लागला तोंडी. नीट ऐकलं तर खालचा सा, मग प, परत सा. रॉन कार्टरचा खर्ज होता.